कासवाच्या पाठीवरचं इरलं

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिन्यापूर्वी संयोजकांचा फोन आला. विषय काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कासवाच्या पाठीवरचं शेवाळ." पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येईना. मग ते अदबीने म्हणाले, "सर, 'पर्यावरण आणि आपण' असं छापू या का?" मी म्हटलं, नको हो. 'पर्यावरण आणि आपण' म्हटलं की माणसं तासभर मान डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. शेवाळ म्हटलं तर निदान दोघं-तिघं विचारतील, हे काय नवीन खूळ.

ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमलोय, त्या सरांचं खूळ हेच होतं. पावसाळ्यात त्यांच्या शबनम पिशवीत पेनिसिलिनच्या रिकाम्या, रबरी बुचाच्या बाटल्या खुळखुळत असायच्या. डबकं दिसलं की सर वाकले. एकदा एका वरातीत नवरदेवाच्या घोड्यामागून चालताना ते असे अचानक वाकले, की मागचा सनईवाला त्यांना अडखळून पडला. सरांनी त्याची माफी मागितली खरी, पण बाटली भरून झाल्यावर.

आपल्या भाषेत शेवाळ हा शब्द फार ऐसपैस आहे. कौलांवर येतं ते शेवाळ, गडग्यावर मखमलीसारखं पसरतं ते शेवाळ, घाटाच्या पायरीवरून पाय घसरतो ते शेवाळ आणि तळ्यात केसांच्या गुंत्यासारखं तरंगतं तेही शेवाळच. सर पहिल्याच तासाला गडग्यावरची मखमल चिमूटभर उपटून आणत आणि भिंगाखाली ठेवत. बारीक देठ दिसत, त्याला बारीक पानं दिसत. "हिला पानं आहेत, ही हरिता," असं म्हणून ती बाजूला ठेवायची. मग तळ्यातला हिरवा गुंता. त्याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही, आणि तरी उन्हावर स्वतःची चूल पेटवून ते जगतं. सरांच्या लेखी शेवाळ फक्त तेवढंच, आणि आज मीही त्याच अर्थाने हा शब्द वापरणार आहे.

शेवाळाला लागतं काय? पाणी, ऊन आणि टेकायला जागा. गोड्या पाण्यात पहिल्या दोन गोष्टी मुबलक असतात. खरी मारामारी तिसरीसाठी. तळाशी गाळ, तो रोज हलतो. दगडावर आधीच कोणी तरी बसलेलं असतं. बुडालेल्या ओंडक्यावर गोगलगायी चरत असतात. जागेची अशी टंचाई असताना तळ्यात एक टणक, खरबरीत, बुडूनही न कुजणारी वस्तू आपल्या पायांनी हिंडत असते. तिच्यावर कोणी मुक्काम ठोकला नसता तरच नवल.

ही पाठ म्हणजे काय, ते आधी सांगतो. कासवाचं कवच ही काही अंगावर चढवलेली ढाल नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा रुंद होऊन, एकमेकांना जुळून ती हाडांची घुमटी झालेली असते. तिच्यावर फरशा बसवल्यासारखे खवले. बहुतेक टणक पाठीच्या कासवांच्या पाठीवर मधले १३ मोठे आणि कडेने २५ छोटे, मिळून ३८. हे खवले केराटिनचे, म्हणजे आपली नखं, गाईची शिंगं ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचे. दोन खवल्यांमध्ये सांधे असतात, खवल्यांवर वाढीच्या वळ्या असतात, ओरखडे असतात. आपल्याला खरखर वाटते. केसाहून बारीक जिवाला त्या दऱ्याखोऱ्या.

पण जागा वाईट आहे. अगदी भाड्याच्या खोलीसारखी वाईट. मालक कधी तळाच्या अंधारात जाऊन बसतो, कधी ओंडक्यावर चढून तासन्‌तास ऊन खातो, की भाडेकरू वाळून कोळ. कधी झुडपांतून, दगडांतून पाठ घासत जातो. आणि पुष्कळ जातींत मालक ठरावीक काळाने खवल्यांचा वरचा पापुद्राच टाकून देतो. अभ्रकाच्या कपच्यांसारखे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर वर राहणारा सगळा संसार पाण्यात जातो. अशा ठिकाणी टिकायचं तर अंगात काही खास हवं.

ते ज्याच्या अंगात आहे त्या शेवाळाची ओळख शास्त्राला झाली ती १९०७ मध्ये. फ्रँक शिप्ले कॉलिन्स नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. बोस्टनजवळ रबरी बूट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात शेवाळ अभ्यासायचे. शेवाळावरचा त्यांचा शब्द त्या काळी प्रमाण मानला जाई. मिशिगनमधल्या कासवांच्या पाठीवरून आलेल्या हिरव्या तंतूंना त्यांनी 'कीटोमॉर्फा चेलोनम' असं नाव दिलं. चेलोनम म्हणजे कासवांचं. पुढे १९३० मध्ये हॉफमन आणि जोसेफिन टिल्डन यांच्या लक्षात आलं, की कीटोमॉर्फाच्या तंतूंना फांद्या नसतात आणि याला असतात, पण फक्त बुडाशी. वर सगळा सरळ केस, तळाशी तेवढा फाटा. म्हणून त्यांनी नवं कुळनाव काढलं, 'बॅसिक्लॅडिया', बुडाशी फांद्या फुटणारं. या टिल्डनबाईंविषयी खरं तर वेगळं व्याख्यान द्यायला हवं. मिनेसोटा विद्यापीठात विज्ञान शिकवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. समुद्रकिनारा नाही अशा राज्यातल्या विद्यापीठासाठी त्यांनी १९०१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचं अभ्यासकेंद्र उभं केलं. असो.

ऐंशी वर्षं हे नाव चाललं. सरांनी आम्हाला हेच शिकवलं, मीही माझ्या विद्यार्थ्यांना हेच शिकवलं. आणि मग गंमत झाली. रशियात १९२८ मध्ये मिलर नावाच्या अभ्यासकाने एका सरोवरातल्या शिंपल्यांवर वाढणारं एक शेवाळ नोंदवलं होतं आणि आर्नोल्डी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला 'आर्नोल्डिएला' म्हटलं होतं. २०१२ मध्ये ब्योडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून दाखवलं, की शिंपल्यावरचं हे आणि कासवावरचं ते एकाच कुळातलं आहे. नावांचा नियम असा, की जे आधी छापलं ते खरं. १९२८ हे १९३० च्या आधी येतं. दोन वर्षांच्या फरकाने टिल्डनबाईंचं नाव गेलं आणि कासवाच्या शेवाळाला शिंपल्याच्या शेवाळाचं आडनाव लागलं, 'आर्नोल्डिएला चेलोनम'. मी अजून जुन्याच नावाने हाक मारतो. सवय.

त्याच तपासात आणखी एक नातं पक्कं झालं. जपानच्या होक्काइदो बेटावर आकान नावाचं सरोवर आहे. तिथे मखमली चेंडूसारखं एक शेवाळ तळाशी लोळत असतं, त्याला मारिमो म्हणतात. १९५२ पासून ते तिथलं खास संरक्षित निसर्गधन आहे आणि आपल्याकडच्या शहरांतही हल्ली काचेच्या बरणीत घालून शोभेला विकतात. ते या कासवाच्या शेवाळाचं जवळचं भावंड. एकाने बिऱ्हाड केलं नाही, लाटांबरोबर लोळून लोळून त्याचा चेंडू झाला. दुसऱ्याने कासव गाठलं.

आता हे तग कसं धरतं ते पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूच्या बुडाशी मुळासारखे वेडेवाकडे धागे दिसतात. ही मुळं नव्हेत, ती अन्न ओढत नाहीत. ते नुसते आकडे. खवल्यांच्या फटींत, वरच्या पापुद्र्यांच्या थरांमध्ये ते शिरतात आणि पसरतात. तंतूच्या पेशींच्या भिंती जाड, थरांच्या. वरचा केस घासून तुटला, उन्हाने जळला, तरी फटीत अडकलेलं बूड जिवंत राहतं आणि पुन्हा वाढतं. भात कापल्यावर खुंटाला फुटवा येतो, तसं. शेंड्याकडच्या पेशी फुटून शेपटीवाले बीजाणू सुटतात, पोहत जातात आणि जवळच्या खवल्याला चिकटतात. खवल्याचा पापुद्रा गळला तरी शेजारच्या खवल्यावर कुठे तरी वंश उरतोच, कारण सगळी पाठ काही एका दिवशी सोलली जात नाही.

म्हणजे हे शेवाळ कासवावाचून जगत नाही का? जगतं की. शैवालसंग्रह करणाऱ्या प्रयोगशाळांत ते काचेच्या नळीत आरामात राहतं, तिथे कासवाचा मागमूस नसतो. एका भाईबंदाला तर गोगलगाईच्या शिंपल्यावर बसायची हौस आहे, त्याची नोंद १९५९ मध्ये अमेरिकेत झाली. पण मोकळ्या तळ्यात ते कासवावर भेटतं तेवढं दुसरीकडे भेटत नाही. माझा तर्क असा, की दगडावर त्याला बाकीचे दांडगे टिकू देत नाहीत. कासवाची पाठ इतकी त्रासाची, की तिथे दांडगेच टिकत नाहीत. चांगल्या वस्तीत जागा मिळेना म्हणून रेल्वेच्या रुळाकाठी झोपडं बांधणारी माणसं आपण पाहतो, तशातलाच प्रकार.

इथवर मी शेवाळाबद्दल बोललो. आता ज्यासाठी हा विषय घेतला त्याकडे वळतो.

कासवाच्या पाठीवर हिरवळ दिसली की आपण म्हणतो, बापरे, किती म्हातारं असेल हे. जुन्या देवळाच्या भिंतीवर शेवाळ येतं, तसं जुन्या कासवावर. हा समज आपलाच नाही. जपानी चित्रांत एक कासव दिसतं, त्याच्या मागे लांबलचक हिरवी शेपटी लोळत असते. त्याला 'मिनोगामे' म्हणतात. 'मिनो' म्हणजे तिथले शेतकरी पावसात पांघरायचे तो गवताचा झगा, 'गामे' म्हणजे कासव. हे वाचलं तेव्हा मी उडालोच. कारण आमच्या कोकणात आवणीच्या वेळी बायका पाठीवर इरलं घेऊन वाकतात, तेव्हा लांबून शेतात कासवंच फिरताहेत असं वाटतं. जपान्यांनी कासवाला इरलं घातलं, आम्ही इरल्यात कासव पाहिलं. तर या मिनोगामेचं वय जपानी परंपरेत १० हजार वर्षं. करकोचा हजार वर्षांचा, कासव १० हजारांचं. म्हणून लग्नाच्या किमोनोवर, भेटीच्या वस्तूंवर त्याचं चित्र. पाठीवरचे ते हिरवे केस म्हणजे दीर्घायुष्याचा दाखला.

चीनमध्ये हेच कासव 'हिरव्या केसांचं' म्हणून सोळाव्या शतकातल्या ली शिजेन यांच्या प्रचंड औषधीग्रंथात आलेलं आहे. ली हे चिचौचे आणि हिरव्या केसांच्या कासवांसाठी त्या काळी चिचौचंच नाव होतं. पण त्यांची नोंद पाहा, ती जपानी चित्राच्या अगदी उलटी आहे. विकणारे लोक ओढ्यातून कासव धरून आणतात, पाण्याच्या रांजणात ठेवतात, मासे-कोळंबी खायला घालतात, आणि हळूहळू त्याला चार-पाच बोटं लांब केस येतात, असं ते सांगतात. म्हणजे कारखानाच! चीनमध्ये आजही हौशी लोक तळ्यातली पिवळ्या गळ्याची कासवं घेऊन त्यांच्यावर शेवाळ मुद्दाम लावतात आणि वाढवतात. कासव लहान असलं तरी चालतं. केसाला म्हातारपण लागत नाही. रांजण लागतो, सारखं पाणी लागतं आणि उन्हात चढून बसायला जागा नसावी लागते.

रांजण विसरू नका, पुढे लागणार आहे.

तर हिरवी पाठ वय सांगत नाही, सवय सांगते. उत्तर अमेरिकेतल्या कासवांवरून हे फार लवकर ध्यानात आलं. १९५३ मध्ये एडग्रेन दांपत्य आणि टिफनी यांनी, १९५४ मध्ये नील आणि अ‍ॅलन यांनी, १९५८ मध्ये प्रॉक्टर यांनी, सगळ्यांनी 'इकॉलॉजी' या एकाच नियतकालिकात कासवांच्या शेवाळावर लिहिलं. पाच वर्षांत तीन लेख, शेवाळाच्या मानाने ही गर्दीच. तिथल्या तळ्यांत दोन तऱ्हेची कासवं आहेत. रंगीत कासव आणि लाल कानाचं कासव ही सूर्योपासक. ओंडक्यावर एकमेकांच्या पाठीवर चढून ऊन खातात आणि खवले नियमाने टाकतात. त्यांच्या पाठी बहुधा चकचकीत. हे लाल कानाचं कासव आपल्याकडच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत सर्रास दिसतं. दुसरीकडे कस्तुरी कासव, ज्याला तिकडे गमतीने वासाचं भांडं म्हणतात, आणि चावरं कासव. ही तळाशी सरपटणारी, गाळात रुतून भक्ष्याची वाट पाहणारी, उन्हाला क्वचित येणारी. त्यांच्या पाठीवर शेवाळाचं रान. एकाच तळ्यात शेजारीशेजारी राहणारी दोन कासवं, एक आरशासारखं आणि एक गोधडीसारखं. वयाचा संबंध असता तर तरुण कस्तुरी कासव स्वच्छ असायला हवं होतं.

याच कसोटीवर आता जगातलं सर्वांत प्रसिद्ध हिरव्या केसांचं कासव लावून पाहू. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधली मेरी नदी. डोक्यावर उभे हिरवे केस, हनुवटीला मिशीसारखे दोन टोकदार गोंडे, असा एका कासवाचा फोटो २०१८ मध्ये जगभर फिरला. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने नामशेष होऊ घातलेल्या आगळ्या सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी काढली, तिच्यात हे होतं. वर्तमानपत्रांनी 'पंक कासव' म्हणून छापलं. ते केस म्हणजे अर्थात शेवाळाचे तंतू, आणि या जातीच्या प्रत्येक कासवाला ते नसतात. तो एक नमुनेदार गडी होता आणि फोटोग्राफरचं नशीब जोरावर होतं.

पण हे शेवाळ डोक्यावर का? कासव डोकं पाण्याबाहेर काढतं ते श्वासासाठी. हे कासव मात्र फुप्फुसांबरोबर मागच्या बाजूनेही श्वास घेतं. गुदद्वाराच्या आतल्या पिशव्यांत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तिथे पाणी आत-बाहेर करून ते पाण्यातला प्राणवायू शोषतं. त्यामुळे बराच काळ तळाशी राहणं त्याला जमतं. डोकं सतत पाण्यात, पाणी वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं, वर ऊन. डोक्यावरचं शेवाळ हे त्या मागच्या श्वासाचं फळ आहे, असं मला वाटतं. कोणी हसू नये. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावर दरवर्षी हशा पिकायचा आणि परीक्षेत मात्र सगळ्यांना हाच प्रश्न आठवायचा.

या कासवाची गोष्ट इतकी विलक्षण, की थोडं थांबतोच. १९६०-७० च्या दशकांत याची पिल्लं ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत 'पेनी टर्टल' म्हणून हजारोंनी विकली जात, आणि ही जात कुठली, राहते कुठे, हे शास्त्राला ठाऊक नव्हतं. विकणारे सांगेनात. जॉन कॅन नावाच्या माणसाने त्याचा पिच्छा पुरवला. हा सापवाल्यांच्या घरातला, सिडनीत आठवड्याला सापांचा खेळ करणारा, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन खेळलेला. वर्षानुवर्षं शोधून त्याने मेरी नदी गाठली. १९९४ मध्ये कॅन आणि लेग्लर यांनी त्याला नाव दिलं, 'एल्युसॉर मॅक्रूरस'. एल्युसॉर म्हणजे हातावर तुरी देणारा. मॅक्रूरस लांब शेपटीचा. या नदीवर ट्रॅव्हेस्टन क्रॉसिंगला मोठं धरण होणार होतं. २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट यांनी ते नाकारलं. नाकारण्याच्या कारणांत हे कासव होतं, फुप्फुसमासा होता आणि मेरी नदीचा कॉड मासाही.

हिरवे केस डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांच्याविषयी एवढं बोललो. पाठीवरचा खरा गर्दीचा मोहल्ला त्यांच्या खाली असतो. कासवाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर तपकिरी, बुळबुळीत साय लागते. ती बहुधा डायटमची. डायटम म्हणजे एकाच पेशीचं शेवाळ, पण काचेच्या डबीत राहणारं. डबी सिलिकाची, वर झाकण, खाली बूड, आणि दोन्हींवर इतकी बारीक नक्षी, की येवल्याची पैठणीही फिकी पडावी. पेशी मेली तरी डबी राहते. म्हणून संग्रहालयांत जपलेल्या वाळक्या कासवांच्या पाठीही डायटमचे अभ्यासक ब्रशने घासून पाहतात आणि त्या काळच्या डब्या सापडतात.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात रिओ निग्रो नदी आहे. पाणी चहासारखं काळसर आणि आम्ल. तिथल्या लाल डोक्याच्या कासवाच्या पाठीवरून कार्लोस वेट्झेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'ल्युटिकोला डेनिसिए' ही नवी डायटम जात नोंदवली आणि २०१२ मध्ये आणखी एक, 'टर्सिओकोला पोडोक्नेमिकोला'. ही दुसरी फार चमत्कारिक. टर्सिओकोला कुळाचं नाव डॉल्फिनवरून पडलंय आणि तिचे नातेवाईक समुद्रात देवमाशांच्या आणि डॉल्फिनच्या कातडीवर राहतात. समुद्रातल्या देवमाशाच्या अंगावरचं कुळ शेकडो मैल आत, काळ्या गोड्या पाण्यात, कासवाच्या पाठीवर! दोघांत समान काय, तर हलणारी, पोहणारी, श्वासाला वर येणारी पाठ. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती.

ल्युटिकोलाकडे येऊ. 'ल्युटम' म्हणजे चिखल. या कुळातल्या पुष्कळ जाती ओल्या मातीत, हरितेत, भिंतींच्या ओलीत राहतात, म्हणजे कधी भिजायचं, कधी सुकायचं अशा जागी. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात चावऱ्या कासवांच्या पाठी घासून पाहिल्या तेव्हा, २०१७ चा हा अभ्यास, सगळ्यांत जास्त सापडल्या त्या ल्युटिकोलाच. भोवती तळं पसरलेलं, पण पाठीवर वस्ती केली ती गडग्यावरच्या ओलीत राहणाऱ्या बिऱ्हाडाने. सर असते तर वर्गात त्यांनी ती चिमूट पुन्हा एकदा भिंगाखाली ठेवली असती, या वेळी हरितेसाठी नव्हे, तिच्या पायथ्याच्या ओलीसाठी.

या सगळ्याचा कासवाला फायदा की तोटा, हा प्रश्न नेहमी येतो. थोडक्यात निपटतो. रानातल्या निरोगी कासवाला बहुधा काहीच नाही. थोडं लपायला बरं पडत असेल. टबात, घाणेरड्या पाण्यात, ऊन न मिळता ठेवलेल्या कासवाची गोष्ट वेगळी. तिथे कवच सडतं आणि शेवाळाला नाहक दोष दिला जातो. आणि आपली देशी कासवं घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. सभागृहात कोणाकडे असेल तर मी विचारत नाही.

आता आमची विहीर.

महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यात टणक खवल्यांची कासवं फार नाहीत. चिखली कासवाची पाठ कातडीने मढलेली. लीथचं कासव, ज्याचा पहिला नमुना पुण्याचा आणि नाव मुंबईतले डॉक्टर लीथ यांच्यावरून, तेही मऊ पाठीचं. शेवाळाला आकडे रुतवायला खवला लागतो. तो आहे काळ्या कासवाकडे, पाठीवर तीन उंचवट्यांच्या ओळी असलेल्या. ते तळ्यांत असतं, ओढ्यांत असतं, आणि आमच्या राजापूर तालुक्यात विहिरींतही सोडलेलं असतं. पाणी स्वच्छ राहतं, किडे खातं, असा समज. काही गावांत त्याला विहिरीची राखण म्हणतात.

आमच्या घरामागे जांभ्याच्या चिऱ्यांची विहीर आहे. मी एम.एस्सी. करत होतो त्या वर्षी मे महिन्यात थोरल्या काकांनी ती उपसायला काढली. गाळाच्या पहिल्या टोपलीबरोबरच गड्याने कासव वर काढलं आणि काकूच्या पायाशी ठेवलं. काकूने हळदकुंकू आणायला आत धाव घेतली. मी टूथब्रश आणायला धावलो. कासवाची पाठ हिरवी, मागच्या कडेला बोटभर केस. काकू म्हणाली, "शंभर वर्षांचं असणार, आजेसासऱ्यांनी सोडलेलं." काकांनी सांगितलं, ते त्यांनी स्वतःच आठ-नऊ वर्षांपूर्वी ओढ्यातून आणून सोडलं होतं. त्यावर काकूने कुंकू लावायचं थांबवलं नाही.

त्या रात्री मी विहिरीच्या काठावर बसून विचार करत होतो. चिरे उभे, घसरडे. कासवाला बाहेर येता येत नाही, ऊन खाता येत नाही. भर दुपारी तासभर ऊन पाण्यावर पडतं आणि पाणी सदा असतं. रांजण म्हटलं ते हेच. जे चिचौचे व्यापारी मुद्दाम करायचे, ते काकांनी नकळत केलं होतं.

मी कासवाच्या तिसऱ्या मधल्या खवल्यावर रुपयाएवढी जागा घासून स्वच्छ केली, कडेला नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि कासव परत सोडलं. घासलेली साय पेनिसिलिनच्या बाटलीत भरून सरांकडे नेली. सरांनी ती पाहिली, तीन डायटम ओळखले, केसांच्या तंतूकडे बराच वेळ पाहिलं, बुडाशी फांदी आहे का ते शोधलं. नव्हती. तंतू दुसऱ्याच कोणाचे होते. सर खूश झाले, मी हिरमुसलो.

पुढच्या मे महिन्यात गाळ काढायला पुन्हा गडी आले. कासव आलं. ठिपका होता, पुसट, आणि त्याच्या शेजारची रुपयाएवढी जागा भोवतालच्या जागेइतकीच हिरवी झाली होती. मी सरांना मोठं पत्र लिहिलं, आकृती काढून. आठवड्याने उलट टपाली पोस्टकार्ड आलं. एकाच ओळीचं. किती दिवसांत भरली?

मला माहीत नव्हतं. वर्षभर मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी विहिरीवर पंप बसला आणि वर सिमेंटचा स्लॅब पडला. ऊन आत जायचं थांबलं. कासव आत आहे की काकांनी त्याआधी ओढ्यात सोडलं, यावर घरात अजून दोन मतं आहेत. पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. त्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे.